धूर नाही, तरी चढाला गाडी बसते : इंजिन बदललेल्या जीपच्या हवेच्या पाईपाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप, मूळचं विनाटर्बो डिझेल इंजिन काढून थारचं २.५ सीआरडीई इंजिन बसवलंय, वायरिंग आणि ईसीयूसकट (ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक). थारचा फिल्टर बॉक्स बोनेटखाली मावेना, म्हणून बाजारातला कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवायचा उघडा शंकूसारखा फिल्टर, फॅनच्या मागे लावला. तिथून टर्बोपर्यंत (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) सायलेन्सरवाल्याकडून दोन इंची पाईप वाकवून घेतला. एअर फ्लो सेन्सर फिल्टरच्या तोंडाशी, तीन इंची पाईपाच्या तुकड्याला भोक पाडून बसवला. आता सपाटीला गाडी बरी चालते, पण आंबोलीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते. टर्बोची शिट्टी पहिल्यापेक्षा मोठी येते, धूर अजिबात नाही. मेकॅनिक म्हणतो टर्बो गेला.

टर्बोला हात लावू नका. निदान अजून तरी.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ‘धूर अजिबात नाही’. हवा खरोखरच कमी पडत असती आणि डिझेल पूर्ण जात असतं, तर मागचा गाडीवाला काळा झाला असता. धूर नाही म्हणजे डिझेलच कमी पडतंय, आणि ते कमी करतोय ईसीयू. का, तर त्याला वाटतंय हवा कमी आहे. हवा नक्की किती कमी आहे हे वेगळं, पण सेन्सर सांगतोय त्याहून ती बरीच जास्त आहे, यावर मी पैज लावायला तयार आहे.

हे जरा उलगडून सांगतो, कारण पेट्रोलवर काम केलेले लोक इथे हमखास फसतात. पेट्रोल इंजिनात हवा मोजायची आणि त्या हिशोबानं इंधन द्यायचं, असा सरळ व्यवहार असतो. तुमच्या सीआरडीईसारख्या कॉमन रेल डिझेलमध्ये इंधन मुख्यतः तुमच्या पायावर ठरतं. हवेच्या मापाचा उपयोग दोन ठिकाणी होतो : ईजीआर (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) किती उघडायचा, आणि धूर होऊ नये म्हणून इंधनाला वरची मर्यादा कुठे घालायची. सपाटीला तुम्ही त्या मर्यादेच्या जवळही जात नाही, म्हणून गाडी ठीक वाटते. घाटात पाय पूर्ण दाबला की मर्यादा आडवी येते आणि गाडी बसते.

आता सेन्सर कमी का सांगतो? हा सेन्सर पाईपातली सगळी हवा मोजत नाही. मधोमध एक छोटी खिडकी असते, तिच्यातून जाणाऱ्या हवेनं तापलेली फिल्म किती गार होते एवढंच तो बघतो, आणि बाकीचा हिशोब त्याच्या मूळ घराच्या व्यासावरून आधीच ठरवून ठेवलेला असतो. समजा मूळ घराचं आतलं माप ६२ मिमी आहे. तुमच्या तीन इंची पाईपाचं आतलं माप, पत्र्याची जाडी वजा जाता, ७३ मिमी. तेवढीच हवा, पण पाईप मोठा, म्हणून वेग कमी. ६२ भागिले ७३ चा वर्ग केला तर ०.७२ येतात. म्हणजे शंभर किलो हवा गेली तर ईसीयूच्या वहीत बहात्तरच नोंदली जाते. त्यात तुमचा सेन्सर कोनाच्या तोंडाला चिकटून, वरून फॅनचा झोत थेट त्याच्यावर. वाचन स्थिर राहणार तरी कसं?

खात्री करून घ्यायची तर स्कॅनर लावा आणि हवेचं वाचन मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक मध्ये बघा. इंजिन गरम, गाडी उभी, ईजीआर बंद केलेला. एक सिलिंडर साधारण ६२५ सीसीचा. आपल्याकडे कोल्हापुरात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तीस अंशाला हवेचं वजन लिटरला सुमारे १.०९ ग्रॅम भरतं. सिलिंडर नव्वद टक्के भरतो असं धरलं तर ६१० च्या आसपास आकडा यायला हवा. थोडा मागेपुढे चालेल. पण ४४० दिसला, तर गाडी नाही, पाईप आजारी आहे.

त्यामुळे पहिलं काम : ज्या गाडीचं इंजिन आहे त्याच गाडीचं सेन्सरचं मूळ प्लास्टिक घर जुन्या बाजारातून शोधून आणा. नवं घ्यावं लागलं तरी घ्या. त्याच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती ‘हवा अडवते’ म्हणून काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. ती जाळी हवा सरळ करते, तिला हात लावायचा नाही. घरावरचा बाण टर्बोकडे. आणि घराच्या आधी शक्यतो फिल्टर बॉक्सच, नंतर निदान हातभर नाही तरी वीतभर सरळ पाईप, मगच पहिलं वळण.

आता पाईपाच्या मापाकडे येऊ. इथे लोक एकमेकांचं बघून माप ठरवतात. हिशोब पाच मिनिटांचा आहे. अडीच लिटरचं इंजिन ३८०० आरपीएमला, दोन फेऱ्यांत एकदा या हिशोबानं, मिनिटाला १९०० वेळा स्वतःएवढी हवा ओढतं, म्हणजे ४७५० लिटर. नव्वद टक्के धरा. टर्बोचा दाब एक बारच्या आसपास आणि इंटरकूलर (टर्बोत तापलेली हवा गार करणारी जाळी) असेल तर आत जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा साधारण पावणेदोन पट दाट. सगळं मिळून मिनिटाला साडेसात हजार लिटर बाहेरची हवा तुमच्या पाईपातून जायला हवी.

दोन इंची पाईपाचं आतलं माप ४८ मिमी. त्यातून एवढी हवा न्यायची तर वेग होतो सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. तीन इंचीत तीच हवा ताशी १०८ नं जाते. अडथळा वेगाच्या वर्गात वाढतो, त्यामुळे दोन इंचीतलं एकेक वळण तीन इंचीतल्या पाच वळणांएवढं महाग पडतं. तुमच्याकडे तशी तीन वळणं आहेत, आणि सायलेन्सरवाल्याच्या मशीनवर वाकवलेली, म्हणजे आतल्या बाजूनं चपटलेली. शिट्टी मोठी का येते त्याचं एक उत्तर हे. टर्बोला पुढे इंजिनाकडे दाब तेवढाच गाठायचाय, पण तोंडाशी हवा विरळ मिळतेय, म्हणून तो जास्त फिरतो. दुसरं उत्तर साधं आहे, उघडा कोन फिल्टर आवाज दाबत नाही.

म्हणून टर्बोच्या आधीचा पाईप तीन इंची ठेवा, आणि टर्बोच्या तोंडाशी वीतभर लांबीत निमुळता करत आणा. टर्बोच्या तोंडाला थेट नव्वद अंशाचा एल्बो नको. वळणातून आलेली हवा एका बाजूला गोळा होऊन पंख्यावर आदळते आणि कमी आरपीएमला टर्बो फरफर करतो.

पाईप वाकवण्याआधी माझी एक सवय सांगतो. शेतीच्या दुकानात ७५ मिमीचा पीव्हीसी पाईप आणि त्याचे एल्बो मिळतात. पाच-सातशे रुपयांत पूर्ण रस्ता गाडीवर बसवून बघता येतो. हॅकसॉनं कापा, चिकटपट्टीनं जोडा, बोनेट हळूच लावा. बोनेटच्या आतून मातीचे छोटे गोळे पाईपावर ठेवायचे, बोनेट बंद करून उघडायचं, गोळा किती चपटा झाला त्यावर अंतर कळतं. मी दीड सेंटीमीटरच्या खाली जात नाही. मग मदतनिसाला इंजिन चालू-बंद करायला सांगा आणि नुसतं बघत उभे राहा. हे इंजिन बंद होताना रबर माउंटिंगवर जे आडवं हिसकतं, ते बघितलं की पाईप कुठे घासणार ते आपोआप कळतं. सगळं जमलं की त्याच नमुन्यावरून धातूचा पाईप करायचा. पीव्हीसी कायमचा ठेवायचा नाही, एक्झॉस्टच्या शेजारी तो एका दुपारीत लोळागोळा होतो.

धातू कोणता? माझी पसंती दीड मिमी अ‍ॅल्युमिनियम, तयार वाकवलेले एल्बो आणून टिग वेल्डिंग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टिगवाला शोधायला लागत नाही. तुमच्या गावात नसेल तर ३०४ स्टेनलेस. साधा एमएस, म्हणजे लोखंडी, पाईप फिल्टरच्या आधी चालेल, फिल्टरच्या पुढे नको. आतून रंग मारता येत नाही, एका पावसाळ्यात गंज धरतो आणि त्याच्या खपल्या सरळ टर्बोत जातात. फिल्टरनंतर गाळायला काहीच नसतं, हे विसरू नका.

हे मी विसरलो होतो, म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जीपचा पाईप मी मिग वेल्डिंगनं जोडला. बाहेरून ग्राइंडर मारून आरसा केला, गिऱ्हाईक खूश. आत वेल्डिंगचे मोहरीएवढे मणी चिकटलेले होते, ते बघितलेच नाहीत. गाडी गगनबावड्याला जाऊन आली आणि शिट्टीचा सूर बदलला, बारीक चिरका आवाज. पाईप उघडून टॉर्च मारला तर कॉम्प्रेसरच्या पंख्याच्या दोन पात्यांची टोकं कुरतडलेली. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या पंख्याला मोहरीएवढा मणी म्हणजे गोळीच. टर्बोचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून प्रत्येक जोड आतून घासतो. हात पोचत नाही तिथे साखळीचा तुकडा आत टाकून पाईप हलवायचा, मग हवा मारायची, मग दोरीला फडकं बांधून तीन वेळा आरपार ओढायचं. तिसरं फडकं पांढरं आलं तरच पाईप गाडीवर.

रबराबद्दल. फिल्टर ते टर्बो या भागात दाब नसतो, ओढ असते. दोन बोटांनी दाबला जाणारा होज पूर्ण लोडला आतल्या आत चपटा होतो आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही. तिथे तारेचा होज किंवा जोडापुरता छोटा कप्लर, दोन पाईपांच्या टोकांत बोटभर अंतर ठेवून. फिल्टर बॉक्स बॉडीला, पाईप इंजिनला, आणि दोघांमध्ये एकच लवचीक जोड, फुगीर घडीचा मिळाला तर उत्तम. दोन्ही बाजूंनी पाईप बॉडीला आवळलात तर सहा महिन्यांत ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा जाणार.

टर्बोच्या पुढची बाजू उलट. तिथे एक बार दाब म्हणजे अडीच इंची पाईपाच्या जोडावर सुमारे तीस किलोचा ढकला. पाईपाच्या टोकाला उठावाची कडा पाडलेली नसेल तर होज क्लिप कितीही आवळा, एखाद्या चढाला फटकन सुटणारच. कडा पाडायचं मशीन नसेल तर टोकापासून बोटभर आत वेल्डिंगची बारीक सलग रेघ फिरवून घ्या. क्लॅम्प टी-बोल्टचा. आणि टर्बोतून निघालेली हवा उन्हाळ्यात १३०-१४० अंशांपर्यंत जाते, तेव्हा इंटरकूलरच्या आधीच्या जोडाला चांगला, चार पदरी सिलिकॉनच लागतो. निळा दिसतो म्हणून सिलिकॉन होत नाही. त्या जोडाला तेलाची वाफ लागू देऊ नका, तेलानं साधा सिलिकॉन आतून पोपडे सोडतो. क्रँककेसच्या ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ सोडणारी) नळी तेल वेगळं करणाऱ्या डब्यातून, सेन्सरच्या पुढे आणि टर्बोच्या आधी जोडायची. सेन्सरच्या आधी जोडली तर फिल्मवर तेल बसतं आणि वाचन पुन्हा चुकतं. तेल लावायचा कापडी फिल्टर मी सेन्सरवाल्या गाडीला याच कारणानं सुचवत नाही.

फिल्टरवर मी हट्टी आहे, आधीच सांगतो. उघडा कोन ट्रॅकवर ठीक. आपल्याकडे कारखाने सुरू झाले की ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागची धूळ आणि खाली कोकणात उतरलात की जांभ्याची लाल पिठासारखी धूळ. बंद डबा आणि कागदी फिल्टर, दुसरं काही नाही. शिवाय फॅनमागची हवा साठ अंशांची, बाहेरची पस्तीस. नुसत्या या फरकानं सात-साडेसात टक्के हवा जाते. इंटरकूलर त्यातलं थोडं भरून काढतो, सगळं नाही.

थारचाच बॉक्स मावत नाही म्हणता, तर बॅटरी हलवता येते का बघितलंत? दहातल्या सहा जीपमध्ये बॅटरी सीटखाली किंवा मागे नेली की प्रश्न सुटतो. नाहीच जमलं तर डबा बाहेरचा घ्या, पण ट्रॅक्टरचा उचलू नका. मोठा दिसतो म्हणून लोक लावतात. पन्नास एचपीचा विनाटर्बो ट्रॅक्टर २२०० आरपीएमला मिनिटाला पावणेतीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतो, तुम्हाला साडेसात हजार पाहिजे. अडीच-तीन लिटरच्या टर्बो टेम्पोचा डबा घ्या, आत सुरक्षा फिल्टरसकट, खाली धूळ सोडणारी रबरी चोच असलेला. जुन्या जीपचा ऑइल बाथ, म्हणजे तेलात धूळ पकडणारा फिल्टर, भावनिक कारणानं ठेवायचा असेल तर शोकेसमध्ये ठेवा. एवढ्या ओढीला त्यातलं तेल उचलून टर्बोत जातं.

हवेचं तोंड उंच आणि आडोशाला, चाकामागे मडगार्डात नाही, बंपरखाली तर नाहीच. या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा फक्त पस्तीस-चाळीस सीसीची असते. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. अर्ध्या कटिंग चहाएवढं पाणी. स्नॉर्कल, म्हणजे छताच्या उंचीपर्यंत नेलेली हवेची नळी, लावणार असाल तर प्रत्येक जोड पाण्याला घट्ट पाहिजे. मडगार्डातला एक जोड उघडा राहिला तर स्नॉर्कल म्हणजे नुसतं नाक, श्वास पोटातून.

सगळं बसलं की दोन तपासण्या. पहिली दाबाची. सेन्सरचं घर काढून त्याच्या जागी पाईपाला पीव्हीसीचं झाकण, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व, ब्रीदरची नळी काढून तिचं भोक बंद, आणि कॉम्प्रेसरनं ०.७ बारपर्यंत हळूहळू हवा. साबणाचं पाणी मारत जा. उघड्या व्हॉल्वमधून इंजिनात थोडी हवा जाणारच, ती सोडा, जोडांवर बुडबुडा नको. टर्बोच्या पुढे गळती राहिली तर मोजलेली हवा बाहेर जाते आणि धूर येतो. सेन्सर आणि टर्बोच्या मध्ये राहिली तर न मोजलेली हवा आत येते, म्हणजे आजचाच आजार परत, वर धूळ फुकट.

दुसरी तपासणी गवंड्याच्या लेव्हल नळीनं. टर्बोच्या आधी पाईपाला छोटा निपल ठेवा, त्याला पारदर्शक नळी, मध्ये एक रिकामी बाटली म्हणजे चुकून पाणी उचललं तर बाटलीत अडकेल, आणि पुढे यू आकारात पाणी भरून डॅशबोर्डवर पट्टीला बांधा. यूची उंची मीटरभर ठेवा. शेजारी बसलेल्यानं वाचायचं, चालवणाऱ्यानं नाही. पूर्ण लोडला दोन्ही बाजूंच्या पातळीत २५० मिमीच्या आत फरक असेल तर काम चोख आहे. जेनसेटवर फिल्टर बदला म्हणून लाल होणारा जो दर्शक असतो, तो ५०० ते ६३५ मिमीच्या दरम्यान बोलतो. तुमच्या आजच्या दोन इंची पाईपावर लावून बघाच एकदा, नवा फिल्टर असूनही त्या आकड्याच्या पुढे गेलं तर मला नवल वाटणार नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. इंजिन बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची आधी मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. नोंद नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच काढते.

क्रम असा ठेवा : आधी फक्त सेन्सरचं मूळ घर बसवून तोच घाट चढा. बराचसा दम तिथेच परत येईल, आणि टर्बो गेलेला नाही हे मेकॅनिकलाही पटेल. मग पाईप, मग डबा. डबा बसवताना सेन्सरच्या पुढच्या पाईपाला आतून, टर्बोपासून लांब, हाताच्या तळव्याएवढ्या जागेत ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर जोड सोडून त्या ग्रीसवर बोट फिरवा आणि दोन बोटांत चोळून बघा. बोटांत कचकच लागली, तर फिल्टरचं रबर नीट बसलेलं नाही. डबा उघडून पुन्हा बसवा, ग्रीस पुसून नवं लावा, आणि आणखी पाचशे चालवा.